चिंचेनं धुतलेले रोमन पैसे

तांब्या-पितळेच्या धंद्यात चकाकी म्हणजे अब्रू. रस्त्यानं जाणाऱ्याला आमच्या फळीवरच्या घंगाळात स्वतःचं तोंड दिसलं पाहिजे, असा माझ्या वडिलांचा हट्ट होता. अकोल्याच्या बाजारातल्या आमच्या दुकानात देवाला फूल वाहण्याच्या आधी चिंच भिजत पडायची. मी दहाव्या वर्षी चिंच-राख हातात घेतली ती म्हातारपणापर्यंत. पुढं स्टील आलं आणि त्यानं आम्हाला खाल्लं. ते सगळ्यांना ठाऊक आहे, त्याचं रडगाणं गाण्यासाठी मी लिहायला बसलो नाही. वऱ्हाडातला एक कासार, इंग्रजी शाळा तिसरीतच सोडलेला, सोळाशे वर्षांपूर्वीच्या रोमन बादशहांचे पैसे त्यांच्या टाकसाळीसकट ओळखायला कसा शिकला, ते मला सांगायचं आहे. तो कासार म्हणजे मी. फुशारकी वाटली तर वाटू द्या. फुशारकी मारावी अशा माझ्याजवळ दोनच गोष्टी आहेत. दुसरी माझी बायको, आणि ती हे वाचणार आहे.

बाहेरच्या माणसाला वाटतं, आमचा धंदा भांडी विकण्याचा. खरा धंदा मोडीचा. चेपलेले पाण्याचे गुंड, बुड गेलेले गडवे, फुटक्या परातींचे तुकडे लोक आणून देत आणि आम्ही ते वजनावर घेऊन मुशीत वितळवायला पाठवत असू. मोड घेणाऱ्याचं कसब त्याच्या कानात असतं. टिचकी मारायची आणि ऐकायचं. चांगलं कासं घंटेसारखं लांबवर बोलतं, भेसळीचं पितळ खोकल्यासारखा आवाज करून गप्प बसतं. डोळे मिटून मी सांगत असे.

मोडीत काय काय येई! पानदानं, बैलांच्या घंटा, एकदा तर आख्खा बिगूल. तेल्हाऱ्याच्या एका बाईनं सासूच्या नावाचा गुंड मोडीत घातला आणि म्हणाली, "नाव तेवढं माह्यासमोर ठोकून काढा, मंग वजन करा." मी ठोकून काढलं. बाई समाधानानं घरी गेली. देवाची मूर्ती मात्र आम्ही कधी मुशीत घातली नाही. ती एका कोनाड्यात ठेवायची आणि कोणी मागितली तर तशीच द्यायची, हा आमच्याकडचा रिवाज.

नवे पैसे सुरू झाले त्या वर्षी लोकांनी जुन्या नाण्यांचा पाऊस पाडला. सगळं जुनं आता रद्दी होणार, अशी गावोगाव बोलवा होती. ढब्बू, भोकाचे पैसे, आणि त्यांच्यात शिवराया, म्हणजे मराठेशाहीतले तांब्याचे पैसे. शेंदूरजनाघाटच्या एका संत्र्याच्या बागवाल्यानं तर पाट खणताना निघालेल्या शिवरायांचं गाठोडंच आणून टाकलं. त्या काळ्या मातीनं बरबटलेल्या होत्या. वडील म्हणाले, "टाक मुशीत." मी शेजारच्या घड्याळजीचं भिंग मागून आणलं आणि एकेक बघत बसलो. सगळ्यांवर तीच अक्षरं, पण एकावर 'छत्रपति'तला 'छ' गोल, दुसऱ्यावर कोनाचा, तिसऱ्यावर खाली ठिपक्यांची रांग. छाप हातानं खोदलेला, खोदणारा हात बदलला की नाणं बदललं. मी त्या वेगळ्या करून विड्यांच्या रिकाम्या डब्यांत ठेवायला लागलो. वडिलांनी कपाळाला हात लावला. "लोक मोड इकून घर बांधून राहिले, अन् हा पोट्टा मोड जमा करून राहिला," असं ते येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत.

त्या गाठोड्यानं मला आणखी एक गोष्ट शिकवली. आमच्या काळ्या मातीतून निघालेलं तांबं कधी कोरडं निघत नाही. माती रेघारेघांत लाखेसारखी घट्ट बसते, थुंकीचं बोट लावलं की चिकट होते आणि बोट काळं करते.

अशात एका दुपारी बार्शीटाकळीचे एक हवालदार दुकानाची पायरी चढले. नाव सखाराम. दुसऱ्या महायुद्धात मिसर देशात, म्हणजे इजिप्तला, जाऊन आलेले, फौजेतून पेन्शन घेतलेले. नागपूरला दीक्षा झाली त्या वर्षी त्यांच्या घरानंही बुद्धाचा धम्म घेतला होता. ताठ पाठ, कडक मिशा, अंगात धुतलेला खाकी शर्ट. त्यांनी सिगारेटचा एक पत्र्याचा डबा माझ्यापुढं ठेवला.

"कासारभाऊ, हे मोडीत द्याले नाई आनलं. हे काय हाये तेवढं सांगा."

डब्यात शर्टाच्या गुंडीएवढे, हिरव्या-तपकिरी बुरशीचे शंभरेक चपटे तुकडे होते. पाच-सहा एकमेकांना चिकटून त्यांचा गड्डाच झाला होता. मी टिचकी मारली. आवाज मेलेला, पण धातू कासंच. एकावर बुरशीतून माणसाचं तोंड दिसत होतं.

"कुठून आनले?"

"मिसरातून. समुद्राच्या काठी आमची छावनी होती. एक म्हातारी बाई वाळूतून हे असे येचत जाय अन् आमाले इकत जाय. म्या दुधाचा एक डबा देला अन् हे घेतले. घरच्याईले दाखवाले. पर सांगता येत नाई ना, काय आनलं म्हनून!"

मी डबा ठेवून घेतला. आता खरी चूक सांगतो, आणि ती फक्त कासारच करू शकतो. पाहुण्याची वस्तू आपल्याकडं आली तर ती परत देताना चकाकली पाहिजे, एवढंच माझ्या डोक्यात होतं. मी ते तुकडे चिंचेच्या कोळात दोन दिवस बुडवले, राखेनं चोळले, नारळाच्या शेंडीनं घासले. हिरवं सगळं निघून गेलं. पैसे नव्या कोऱ्या गडव्यासारखे लाल-पिवळे झळाळले. गड्डा तेवढा बाजूला ठेवला, कारण तो आधी तेलात मुरवून सोडवावा लागला असता आणि मला वेळ नव्हता.

आठ दिवसांनी हवालदार आले. मी मोठ्या ऐटीत ताटभर पैसे त्यांच्यापुढं केले. त्यांनी एक उचलला, उलटला, दुसरा उचलला.

"भाऊ, याच्यावर तोंड होतं. अक्षरं होती. कुठं गेली?"

मी भिंग लावलं. कितीतरी पैशांवरचं सगळं पुसट झालं होतं, काहींचा तर नुसता गुळगुळीत तुकडा उरला होता. सोळाशे वर्षं जे टिकलं ते मी दोन दिवसांत चिंचेनं खाऊन टाकलं होतं. वडिलांनी शिकवलेल्या हुन्नराची मला आयुष्यात पहिल्यांदा लाज वाटली.

त्या लाजेपायीच मी अमरावती गाठली. तिथं कॉलेजात इतिहासाचे एक प्राध्यापक होते, जुन्या नाण्यांचे नादी. बडनेऱ्याला गाडी बदलून, पैसे रुमालात बांधून मी त्यांच्या दारात उभा राहिलो. त्यांनी मला आत घेतलं, चहा दिला, आणि कपाटातून एक जाडजूड इंग्रजी पुस्तक काढलं. दर पानावर नाण्यांची चित्रं होती.

"रोमन आहेत," ते म्हणाले. "उतरत्या काळातले. सोनं-चांदी नव्हे, गोरगरिबांच्या बाजाराचे पैसे. म्हणूनच लाखोंनी पाडले."

मग त्यांनी मला वाचायला शिकवलं. एका बाजूला बादशहाचं मुंडकं. दुसऱ्या बाजूला चित्र. सगळ्यांत जास्त पैशांवर दोन शिपाई भाले धरून उभे, मधे पलटणीचं निशाण. आधीच्या पैशांवर निशाणं दोन, नंतरच्यांवर एक, कारण पैसाच लहान होत गेला आणि दोन मावेनात. दुसरं चित्र घोड्यावरून पडणाऱ्या स्वाराला भाला मारणाऱ्या शिपायाचं. तिसऱ्यात चित्रच नाही, पानांचं कडं आणि आत नुसती अक्षरं. आणि चित्राच्या खाली आडवी रेघ, त्या रेघेखाली टाकसाळीच्या गावाचं आखूड नाव. तिथंच एक जादा अक्षर, ते त्या टाकसाळीतल्या कोणत्या कारखान्यानं पैसा पाडला त्याचं. म्हणजे माल खराब निघाला तर कोणाचा कान धरायचा ते राजाला कळायचं. मला हे इतकं आवडलं! आमच्या धंद्यातही घडवणारा तांबट भांड्याच्या बुडाशी आपली खूण ठोकतो. सोळाशे वर्षांपूर्वीचे ते लोक मला एकदम गल्लीतले वाटायला लागले.

शेवटी सरांनी पुस्तकातलं एक चित्र दाखवलं. तेच दोन शिपाई, पण मधे निशाणाऐवजी झाडाचा तुरा. "हा प्रकार फार कमी दिसतो," ते म्हणाले.

घासण्याआधी एका पैशावर मी असाच तुरा पाहिला होता. बुरशीचीच नक्षी असेल असं समजून त्यावर दोन चिमटी राख जास्त चोळली होती. मी तसं सांगितलं. सरांनी चष्मा काढून पुसला आणि पुस्तक मिटलं.

"यापुढं धुऊ नका," एवढंच म्हणाले.

ते दुःख अजून आहे. पण त्या पावसाळ्यात मी उरलेल्या पैशांवर जी मेहनत घेतली, तिचा अभिमानही तेवढाच आहे. उन्हात तिरपा धरला की गुळगुळीत पैशावरही रेघा उठतात. रोज दोन-तीन, असे करत साठाच्या वर पैसे मी ओळखून लावले. लहान कागदी पुड्या केल्या आणि दर पुडीवर लिहिलं, बादशहा कोण, निशाणं किती, खाली अक्षरं कोणती. सर दोनदा अकोल्याला आले तेव्हा त्यांनी माझ्या पुड्या तपासल्या. साठांत चार चुका काढल्या. त्यांतली एक नंतर त्यांचीच निघाली, आणि त्यांनी पोस्टकार्ड टाकून तसं कळवलं. ते कार्ड मी जपून ठेवलंय. बऱ्याचशा पैशांवर रेघेखाली एकाच गावाची अक्षरं होती, अलेक्झांड्रिया. मिसरातलं, समुद्राकाठचं.

दिवाळीला हवालदार पुड्या घेऊन खुशीत गावी गेले. गड्डा माझ्याकडंच राहिला.

पंधरा दिवसांत ते परत आले ते पडलेल्या चेहऱ्यानं. त्यांनी गावात सगळ्यांना पैसे दाखवले होते. माझ्या चिंचेनं ते असे झळाळत होते की बघणाऱ्यांनी बोंब उठवली, सखारामाला मोहरांचा हंडा गावला. गावात एक मोठे बागाईतदार होते, त्यांना बापूसाहेब म्हणू. त्यांच्या वावरात आदल्या उन्हाळ्यात विहीर खणली, त्या कामावर हवालदार मजुरीनं होते. दीक्षा घेतल्यावर हवालदारांच्या घरानं गावकीची कामं सोडून दिली, त्याचा राग बापूसाहेबांच्या मनात होताच. त्यांनी अर्ज केला की माझ्या विहिरीत निघालेलं गुप्तधन या माणसानं लपवलं.

"मले सरकारी गोदामावर पहारेकऱ्याची नोकरी लागून राहिली होती," हवालदार म्हणाले. "चालचलनीचा कागद तेवढा बाकी होता. आता तो अडला. चोराले कोन पहाऱ्यावर ठेवते?"

ती झळाळी माझी होती. चौकशीला मी येतो म्हणालो.

अकोल्याच्या कचेरीत नायब तहसीलदार बसले होते. पुण्याकडचे गृहस्थ, मऊ बोलणारे. आमची बोली ऐकून जरा दचकायचे. टेबलावर माझ्या पुड्या उघड्या पडल्या होत्या.

"हे सोन्यासारखे कशानं दिसतात?" त्यांनी विचारलं.

"माझ्या चिंचेनं, साहेब," मी म्हणालो, आणि सगळं कबूल केलं. मग भिंग त्यांच्या हातात दिलं. शिपाई दाखवले, निशाण दाखवलं, रेघेखालची अक्षरं वाचून दाखवली. साहेबांनी स्वतः चार पैशांवर ती अक्षरं शोधून काढली आणि लहान मुलासारखे खूष झाले. मला वाटलं, जिंकलो.

पण बापूसाहेब काही कच्चे नव्हते. "असतीन ना रोमचे," ते म्हणाले. "जुन्या काळात या देशात रोमचा पैसा येत होता, हे माह्या पोराच्या पुस्तकात हाये. तसाच माह्या वावरात आला. याले काहून मिसरात जा लागते?"

साहेबांनी माझ्याकडं पाहिलं. बापूसाहेबांचं खोटं नव्हतं. रोमचे पैसे आपल्या देशात सापडतात, हे मला अमरावतीच्या सरांनीच सांगितलं होतं. माझी सगळी विद्या त्या एका वाक्यात पाण्यात गेली. हवालदार समोरच्या भिंतीकडं बघत ताठ उभे होते.

तेव्हा मला हवालदारांना परत द्यायला खिशात आणलेला गड्डा आठवला. त्याला चिंच लागली नव्हती.

"बापूसाहेब, पैसे किती खोल निंगाले म्हनता?" मी विचारलं.

"कमरेइतके. एका मजुरानं याले उचलतानी पाह्यलं."

"तिथं माती काळीच हाये का?"

"काळी नाई तं काय पांढरी?" बापूसाहेबांची छाती फुगली. "दोन मानसं बुडतीन इतकी खोल काळी हाये माह्या वावरात. बार्शीटाकळीत अशी जमीन दुसऱ्या कोनापाशी नाई!"

"साहेब, हे लिहून घ्यावं," मी म्हणालो. साहेबांनी लिहून घेतलं. मग मी शिपायाला चहाचे दोन काचेचे ग्लास पाणी भरून आणायला सांगितलं. कोरा कागद पसरला, गड्डा त्यावर ठेवला आणि मोड पारखायला नेहमी खिशात असणाऱ्या लहान हातोडीनं कडेला हलके ठोके दिले. चौथ्या ठोक्याला गड्डा सुटला. पाच पैसे वेगळे झाले आणि त्यांच्या मधून चिमूटभर पिवळसर वाळू कागदावर सांडली, कोरडी, खडीसाखरेच्या चुऱ्यासारखी.

ती मी एका ग्लासात सोडली. सरसर तळाला गेली. वरचं पाणी होतं तसं नितळ.

"आता बापूसाहेब, तुमच्या वावरातली माती पाह्यजे."

"ते आता कुठून आनू?"

"तुमच्या जोड्याले हाये ना. सकाळी वावरातूनच आले ना तुमी?"

बापूसाहेबांनी खाली पाहिलं. टाचेला माती थापलेली होतीच. नाही म्हणणं शक्य नव्हतं, कारण ती दुसऱ्या कोणाची असं सांगायची तर आपल्याच जमिनीची नाचक्की. शिपायानं काडीनं चिमूटभर खरवडली आणि दुसऱ्या ग्लासात टाकली. मी चमच्यानं ढवळली. पाणी शाईसारखं झालं.

आम्ही वाट बघितली. साहेबांनी चहा मागवला. चहा आला, पिऊन झाला, दुसऱ्या एका अर्जावर सही झाली, तरी काळं पाणी काळंच. वऱ्हाडातल्या माणसाला यात नवल काय? पावसाळ्यात वावरातून वाहणारं पाणी दिवसभर निवळत नाही, हे शेंबडं पोरही सांगेल. पण टेबलावर दोन ग्लास शेजारी-शेजारी ठेवून ते कोणी पाहिलं नव्हतं.

"वाळू तं नदीलेई असते," बापूसाहेब पुटपुटले.

"असते," साहेब म्हणाले. "पण आपला अर्ज विहिरीचा आहे, नदीचा नव्हे."

त्यांनी तिथंच शेरा लिहिला, अर्ज फेटाळला आणि हवालदारांच्या नोकरीच्या कागदावर हरकत नाही असं लिहून दिलं. जाताना मला म्हणाले, "तुम्ही कुठं शिकलात हे?" मी म्हणालो, "मोडीत." मला इतकं भरून आलं होतं की त्याच पावसाळ्यात वारलेले वडील हयात असते तर त्यांना कचेरीच्या पायरीवर बसवून सगळं पहिल्यापासून सांगितलं असतं.

बाहेर कडुनिंबाखाली हवालदार पुड्या खिशात घालत उभे होते. ते आता पाठीवर थाप मारतील, या अपेक्षेनं मी जवळ गेलो.

"भाऊ, एक इचारू का? खरं सांगजा."

"इचारा ना."

"म्या पयल्या दिवशी तुमाले सांगितलं, मिसरातून आनले. तवा तुमाले खरं वाटलं होतं का?"

खोटं बोलता आलं असतं. पण त्या दिवशी मला खोटं बोलवलं नाही. डबा बघताच माझ्याही मनात आलं होतं की याला कुठंतरी खणताना सापडले असणार. मिसर-बिसर थापा असतील. चिंचेत टाकताना मी वडिलांना हसून तसं म्हणालोही होतो.

"नाई," मी म्हणालो. "तवा नाई वाटलं."

"अन् आता?"

"आता वाटते."

"आता तं नायबसायबालेई वाटते," हवालदार म्हणाले आणि हसले.

पुढं ते गोदामावर रुजू झाले, आमची मैत्री शेवटपर्यंत टिकली, कुठं जुने पैसे हाती लागले की आधी ते माझ्याकडं घेऊन येत. पण त्या दिवशी त्यांच्या हसण्यात मला हसता आलं नाही.